सांगलीत बघण्यासारखं काय, हे कुणाला विचारू?

पत्र थोडक्यात असं: वाचक भगिनी पुण्यात राहतात, सासर सांगलीचं. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात त्यांचे वडील तीन दिवस सांगलीला येणार आहेत. ते बँकेतून निवृत्त झालेले, गाण्याची आवड असलेले. त्यांचा एक जुना तंबोरा बरीच वर्षं घरात कोपऱ्यात उभा आहे. नेहमीच्या ठिकाणांऐवजी सांगली-मिरजेतलं काही वेगळं त्यांना दाखवावं, असं या भगिनींच्या मनात आहे. सासूबाईंना विचारलं तर उत्तर येतं, "इथं काय आहे बघण्यासारखं? गणपतीचं दर्शन घ्या, भडंग घ्या, एक दिवस कोल्हापूरला जाऊन या." मैत्रीण म्हणते, कुणाला काही विचारूच नकोस, विचारलं की मजा जाते, सरळ गल्लीबोळ पालथे घाल. गेल्या खेपेला त्यांनी तसं करून पाहिलं. मिरजेत वाद्यांच्या गल्लीत एका दुकानात शिरल्या आणि मोबाइलवर चित्रीकरण करत बोलू लागल्या. आत एक वयस्कर कारागीर तंबोऱ्यावर वाकून काहीतरी घासत होते, मधूनच तार छेडत होते. त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं आणि या बाहेर पडेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. ते यांना फार लागलं. आता त्यांचे प्रश्न: गावचे लोक आपल्या खास जागा बाहेरच्यांपासून राखून ठेवतात का? सून असूनही मी बाहेरचीच का? जाण्याआधी विचारावं की न विचारता जावं? विचारायचं तर कुणाला? शिवाय पाच अनोख्या जागांची यादी द्याल का, अशी विनंतीही आहे.

नमस्कार,

पाच जागांची यादी मी देणार नाही, पण तुमचे तीन दिवस भरतील एवढं नक्की सांगते. आधी त्या कारागिराबद्दल बोलू. तुमच्या सगळ्या प्रश्नांच्या मुळाशी तोच प्रसंग आहे, असं पत्र वाचताना वाटत राहिलं.

तुम्ही पाहिलंत ते बहुधा जवारी लावण्याचं काम. तंबोऱ्याच्या भोपळ्यावरच्या तबकडीवर एक रुंद पट्टी असते, तिच्यावरून तारा जातात. तिला घोडी म्हणतात. घोडीचा माथा सपाट दिसतो, पण तो अगदी किंचित उतरता असतो, आणि तार त्याला कुठे व किती निसटती टेकते यावर तंबोऱ्याचा तो भरलेला, घुमत राहणारा आवाज ठरतो. कारागीर कानशीने थोडं घासतो, तार छेडतो, कान देतो, पुन्हा थोडं घासतो. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा बारीक दोरा सरकवून नेमकी जागा शोधतो. दोरा केसभर पुढे गेला की आवाज मिटतो, केसभर मागे आला की खुलतो. घासून गेलेलं परत भरत नाही, त्यामुळे घाई चालत नाही. हे सगळं काम कानाने होतं. शेजारी कुणी बोलू लागलं तर त्या माणसाला काम खाली ठेवण्यावाचून दुसरा इलाजच नसतो.

म्हणून मला वाटतं, त्यांनी तुम्हाला टाळलं नाही. तुमचं बोलणं संपायची ते वाट पाहत होते आणि तुम्ही त्यांनी काहीतरी दाखवावं याची. बोलले नाहीत याचं वाईट वाटणं साहजिक आहे, पण त्यातून "मी बाहेरची म्हणून" हा निष्कर्ष काढू नका. मिरजेत जन्मलेली मुलगी त्या क्षणी मोबाइल उंचावून बोलत आत आली असती तरी कानशी खालीच गेली असती.

आता "राखून ठेवतात का" या प्रश्नाकडे येऊ. इतकी वर्षं या भागातल्या माणसांत वावरून मी खात्रीने सांगते, राखून कुणी काही ठेवत नाही. सासूबाईंचं उत्तर तुम्हाला कोरडं वाटलं, पण त्यात तुटकपणा नाही. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, तसंच आहे हे. त्यांच्या पिढीच्या मनात "बघण्यासारखं" याचा अर्थ पक्का आहे: देऊळ, किल्ला, धरण, बाग. हळदीचा बाजार हे त्यांच्या लेखी वर्षाच्या खरेदीचं ठिकाण, नदी म्हणजे पावसाळ्यातला घोर, आणि सतारीचं दुकान म्हणजे कुणाच्या तरी पोटापाण्याचा धंदा. पाहुण्यांना ते काय दाखवायचं, असं त्यांना मनापासून वाटतं. तुम्ही ज्या शब्दांत विचारता, त्या शब्दांना त्यांच्याकडे तेवढंच उत्तर आहे.

म्हणून प्रश्न बदला. "काय बघू?" विचारू नका. "आई, आपली वर्षाची हळद कुठून येते?" असं विचारा. "लग्न होऊन आलात तेव्हा संध्याकाळी फिरायला कुठे जायचात?" "पुराचं पाणी येतं तेव्हा कुणाकडे राहायला जातो आपण?" "सासरे मित्रांबरोबर कुठे बसायचे?" या प्रत्येक प्रश्नाच्या उत्तरात एक जागा आहे, एक ओळखीचा माणूस आहे आणि तिथे जाण्याची योग्य वेळही आहे. शोधून पाहा, सासूबाईंकडून तुम्हाला यादीपेक्षा बरंच जास्त मिळेल. आणि हे फक्त सांगलीपुरतं नाही. गाव कुठलंही असो, तिथल्या माणसाला त्याच्या रोजच्या जगण्याबद्दल विचारलं की तो मोकळा होतो. प्रेक्षणीय स्थळं विचारली की माहितीपत्रक वाचल्यासारखं बोलतो.

हळदीचंच घ्या. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण बाजार त्याच्या कितीतरी आधीपासून नावाजलेला आहे. जानेवारीपासून हळद काढतात, शिजवतात, वाळवतात, घासून पॉलिश करतात आणि मग ती मार्केट यार्डात येते. फेब्रुवारीपासून उन्हाळाभर सौदे रंगतात. अडत दुकानांसमोर पोत्यांच्या थप्प्या, फोडलेल्या पोत्यातून काढलेली राजापुरी हळकुंडं, ती हातात घेऊन कडकन मोडणारे आणि आतला रंग बघणारे खरेदीदार, पाठीवर पोती घेतलेले हमाल. उभं राहिलं की दहा मिनिटांत कपड्यांना पिवळी धूळ लागते, म्हणून पांढरा सदरा नको, आणि वडिलांना धुळीचा त्रास असेल तर नाकाला रुमाल हवा. हळकुंड मोडताना येणारा आवाज आणि आतला गर्द केशरी रंग हे एकदा जवळून बघा. कारखान्यातून आलेल्या पाकिटातल्या पुडीवरून त्याची कल्पना येत नाही.

पण इथे एक अडचण आहे, आणि आधी विचारण्याचं खरं महत्त्व तिच्यातूनच कळतं. तुम्ही निवडलेला मार्चचा शेवटचा आठवडा हा व्यापाऱ्यांच्या वर्षअखेरीचा. हिशेब पुरे करण्यासाठी त्या सुमारास काही दिवस सौदे बंद ठेवतात. वडिलांना घेऊन उत्साहाने गेलात आणि यार्ड ओस असलं, तर "सांगलीत काय आहे" हे सासूबाईंचं म्हणणं खरं ठरल्यासारखं वाटेल. सासूबाई ज्यांच्याकडून हळद घेतात त्यांनाच फोन करून विचारा: यंदा सौदे कधीपासून कधीपर्यंत बंद, सकाळी किती वाजता सुरू होतात, आम्ही दोघं-तिघं बाजूला उभं राहून बघितलं तर चालेल का. शक्य असेल तर तारखा आठ-दहा दिवस अलीकडे आणा. ते जमणारच नसेल तर वर्षाची हळद घेण्याच्या निमित्ताने एखाद्या दुकानात जा. सौदा नसला तरी माल असतो, आणि त्या दिवसांत दुकानदारालाही बोलायला थोडी फुरसत मिळते.

हळदीवरून आठवलं, हरिपूर. सांगलीपासून अगदी जवळ, कृष्णा आणि वारणा यांच्या संगमावरचं गाव. इथली पेवं हा मला या भागातला सगळ्यात विलक्षण प्रकार वाटतो. जमिनीत खोल खणलेली, अरुंद तोंडाची आणि मोठ्या पोटाची ही कोठारं. आत पाला आणि चटया लावून हळद भरायची आणि तोंड मातीने लिंपून बंद करायचं. हरिपूरच्या मातीत पाणी झिरपत नाही, आणि बंद पेवात हवा नसल्यामुळे कीडही जगत नाही. त्यामुळे हळद वर्षानुवर्षं टिकत असे. पेव उघडलं की लगेच कुणी उतरत नसे. काही तास तोंड उघडं ठेवायचं, मग कंदील खाली सोडून बघायचं. कंदील विझला तर आत जीव घुसमटणार, हे पक्कं. २००५ च्या महापुरात पेवांत पाणी शिरलं, प्रचंड माल गेला आणि त्यानंतर बहुतेक हळद गोदामांकडे वळली.

म्हणजे तुम्हाला आज बघायला मिळेल ती मुख्यत्वे जागा आणि तिची गोष्ट. पण ही गोष्ट सांगणारा माणूस बरोबर नसेल तर तिथे जमिनीतल्या एका भोकाखेरीज काही दिसणार नाही. शिवाय पेवं खासगी जमिनीत असतात आणि जुन्या पेवाच्या तोंडाजवळची माती कधी दगा देईल सांगता येत नाही. मैत्रिणीचा सल्ला इथे अजिबात ऐकू नका. पेव बघायला मालकाला विचारल्याशिवाय, आणि त्याचा माणूस सोबत असल्याशिवाय, एक पाऊलही टाकू नका. लहान मुलं बरोबर असतील तर तर नकोच. कुणाला विचारायचं? अडत दुकानातल्या जुन्या हमालाला किंवा दिवाणजींना. "हरिपुरात कुणाचं पेव अजून उघडतं का?" एवढाच प्रश्न. ज्यांनी तरुणपणी पेवात उतरून पोती वर काढली आहेत अशी माणसं अजून आहेत, आणि त्यांना त्याबद्दल फारसं कुणी विचारत नाही.

पेव बघायला मिळालं नाही तरी हरिपूर वाया जात नाही. संगमावर संगमेश्वराचं देऊळ आहे. श्रावणातल्या सोमवारी तिथे पाय ठेवायला जागा नसते, मार्चच्या संध्याकाळी मात्र घाटावर शांतपणे बसता येतं. नाटककार गोविंद बल्लाळ देवल हरिपूरचेच. आणि १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीच्या राजांच्या आश्रयाने नाटक केलं, तिथून मराठी रंगभूमीची सुरुवात मानतात. तुमचे वडील गाण्यातले आहेत, म्हणजे नाट्यसंगीतही कानावरून गेलं असणार. त्यांना हे गाव नुसतं नावाने तरी माहीत असेल. घाटावर बसल्यावर त्यांनाच बोलू द्या.

मैत्रिणीचं सगळंच चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही. न विचारता भटकण्यात एक आनंद असतो आणि तो घालवू नये. फक्त भटकायचं कुठे, याचं भान हवं. जो रस्ता, घाट, पूल, बाजार सगळ्यांचा आहे तिथे खुशाल भटका. गणपती पेठेत सकाळी मसाल्याच्या आणि धान्याच्या दुकानांमधून फिरा, कृष्णेच्या घाटावर उतरा, आयर्विन पुलावर जा. तिथे कुणाची परवानगी लागत नाही आणि चुकलात तर एखादी गल्ली जास्त चालावी लागेल, एवढंच. पण जिथे कुणाचं काम चाललं आहे, कुणाची प्रार्थना चालली आहे किंवा कुणाचं घर आहे, तिथे आधी विचारायचं. माझ्या मते हा फरक एवढा साधा आहे, तरी फिरायला निघाल्यावर तो आपल्या लक्षात राहत नाही, कारण परगावी गेलं की सगळंच आपल्यासाठी मांडून ठेवलंय असं वाटायला लागतं.

आयर्विन पुलाबद्दल दोन शब्द जास्त. १९२९ चा हा पूल, तेव्हाच्या व्हाइसरॉयच्या नावाचा. पावसाळ्यात अख्खी सांगली या पुलाशी पाणी किती फूट चढलं ते विचारत असते. ४० फूट ही इशारा पातळी, ४५ धोक्याची. हे दोन आकडे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतात. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. मार्चमध्ये पुलावर उभं राहून खाली संथ, खोल गेलेली कृष्णा बघितली की तो आकडा खरा वाटत नाही. पुराबद्दल सासूबाईंना विचारायचं तर जरा सांभाळून. त्यांचं घर पाण्यात गेलं असेल, कुणाचं काही कायमचं गेलं असेल. भिंतीवर पाण्याची रेघ कुठवर आली होती हे त्या आपणहून दाखवतील. वडिलांसमोर, पाहुणचाराच्या गप्पांत, "पूर दाखवा ना" असं मात्र विचारू नका. आणि हे उत्तर वाचून कुणी जुलै-ऑगस्टमध्ये पाणी बघायला येण्याचा बेत करत असेल तर कृपया नको. त्या दिवसांत इथली माणसं सामान माळ्यावर चढवत असतात, जनावरं हलवत असतात.

सासूबाईंनी सुचवलेल्या गणपतीलाही नाक मुरडू नका. पटवर्धन संस्थानिकांनी कृष्णाकाठी बांधलेलं हे देऊळ सगळ्यांना माहीत आहे. पण तिथला चोर गणपती सांगलीबाहेर किती जणांना माहीत असतो? भाद्रपदात गणेश चतुर्थीच्या आधीच, प्रतिपदेला, कसलाही गाजावाजा न करता तो बसतो, म्हणून चोर गणपती. तुम्ही मार्चमध्ये जाताय, त्यामुळे तो भेटणार नाही, पण नेहमीच्या देवळालाही अशी एखादी वेगळी बाजू असते, आणि ती कळायला "कुठे" यापेक्षा "कधी" विचारावं लागतं.

आता तंबोरा.

तुम्ही तो पत्रात जाता जाता लिहिलाय, पण माझ्या मते तुमच्या तीन दिवसांचा मुख्य बेत तोच असायला हवा. मिरजेच्या त्या गल्लीत पुन्हा जायचं तर बघायला जाऊ नका, काम घेऊन जा. दुरुस्तीचं वाद्य घेऊन आलेला माणूस तिथे गिऱ्हाईक असतो. त्याला बसायला स्टूल मिळतं, चहा मिळतो, आणि वाद्य बघता बघता कारागीर बोलायला लागतो. हा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा, हा कसा वाळवतात, इथे बारीक चीर आहे, ही आतून सांधावी लागेल, दांडी वाकलीय का बघू. शस्त्रांना धार लावणारी शिकलगार घराणी एकोणिसाव्या शतकात वाद्यांकडे वळली आणि मिरजेचा हा उद्योग उभा राहिला. पुढच्या पिढ्यांनी आडनावच सतारमेकर लावलं. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. ही माहिती तुम्हाला कुठेही वाचायला मिळेल. पण तुमच्या वडिलांच्या भोपळ्यावर बोटाच्या पेराने टकटक करून, "हा जुना आहे, चांगला आहे, टाकू नका," असं कुणी म्हणणं हे वाचून मिळत नाही.

मात्र त्याआधी एक विचारते. वडिलांना यातलं काही विचारलंत का? पत्रात सासूबाईंना विचारल्याचं आहे, मैत्रिणीला विचारल्याचं आहे, मलाही विचारलंत. ज्यांच्यासाठी हे सगळं चाललंय त्यांना काय हवंय, हे पत्रात कुठेच नाही. त्यांना अचानक आनंद द्यावा म्हणून तुम्ही बोलला नसाल, हे मी समजू शकते. पण तंबोरा इतकी वर्षं कोपऱ्यात का आहे? नुसती जवारी गेली म्हणून, की आवाज लागेनासा झाला म्हणून, की ज्यांच्याबरोबर गात होते ते माणूस राहिलं नाही म्हणून? मला ठाऊक नाही, कदाचित तुम्हालाही नसेल. तुम्ही गुपचूप तो दुरुस्त करून समोर ठेवलात आणि त्यांना तो नकोसा असला, तर दोघांनाही अवघड होईल. फोनवर सरळ विचारा: "बाबा, मिरजेला चाललोय, तंबोरा घेऊन येता का? बघू काय म्हणतात." नको म्हणाले तर आग्रह करू नका. मग गल्लीत दुसरं काही छोटं काम घेऊन जा, टाळ घ्यायचे असतील, हार्मोनियमचा एखादा सूर अडकत असेल. किंवा नुसती परवानगी मागून अर्धा तास गप्प बसून ऐका.

हो म्हणाले तर तयारी करावी लागेल. आणण्याआधी तारा थोड्या सैल करा, अगदी काढू नका. भोपळ्याला गोधडी गुंडाळा. बसच्या डिकीत किंवा टपावर हरगिज नको. पुण्याहून रेल्वेने मिरज जंक्शनला उतरणं सगळ्यात सोयीचं, वाद्य आपल्याजवळ राहतं. सतारमेकर गल्लीतल्या दोन-तीन दुकानांचे फोन नंबर सहज मिळतील. निघण्याआधी निदान पंधरा दिवस तरी फोन करा आणि असं काहीसं बोला: "वडिलांचा जुना तंबोरा आहे, चार तारांचा, आवाज खुलत नाही. अमुक दिवशी आणला तर बघाल का? किती दिवस लागतील? काम चालू असताना वडील शेजारी बसले तर चालेल का?" भोपळ्याचे आणि घोडीचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा, म्हणजे नुसती जवारी आहे की मोठं काम आहे हे त्यांना आधीच कळेल. जवारीच असेल तर पहिल्या दिवशी देऊन तिसऱ्या दिवशी घेता येईल अशी विनंती करून बघा. भोपळा फुटलेला निघाला तर तीन दिवसांत होणार नाही. तो तिथेच सोडून परत यायची तयारी ठेवा.

बरेच कारागीर मुस्लिम आहेत. शुक्रवारी दुपारी जुम्म्याच्या नमाजाच्या वेळी जाऊ नका, आणि रमजान असेल तर दुपारनंतरच्या वेळा आधी विचारून घ्या. पैशांची बोलणी आधीच करा, आणि झाल्यावर घासाघीस करू नका; कानाने केलेल्या कामाचा दर तासांवर मोजता येत नाही. चित्रीकरण करायचं तर काम संपल्यावर, विचारून, आणि बोलणं तुमचं नको, त्यांचं असू द्या. ते नको म्हणाले तर मोबाइल पर्समध्ये. इंटरनेटवर टाकणार असाल तर तेही स्पष्ट सांगा. काहींना त्यातून गिऱ्हाईक येतं म्हणून आवडतं, काहींना आपली जवारीची हातोटी कुणी बघावी हे आवडत नाही. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत.

गल्लीत गेलात की मीरासाहेबांचा दर्गा जवळच आहे. किराणा घराण्याचे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले आणि १९३७ साली गेल्यावर त्यांना याच दर्ग्याच्या आवारात विसावा मिळाला. उरुसात त्यांच्या स्मरणार्थ तिथे चिंचेच्या झाडाखाली गायन-वादन होतं आणि देशभरातले कलाकार तिथे सेवा म्हणून गातात. उरूस चांद्र महिन्यांप्रमाणे येतो, त्यामुळे तारीख दरवर्षी सरकते; यंदा कधी आहे हे वाद्यांच्या दुकानातच विचारा, त्यांना तोंडपाठ असतं. वडिलांना गाण्याची खरंच ओढ असेल तर या एका गोष्टीसाठी पुढच्या वर्षी पुन्हा या. एरवी गेलात तर डोकं झाकून जा, फुलं वाहायची तर वाहा, आणि दुआ मागत बसलेल्या माणसांचे फोटो काढू नका.

बाकीचं भराभर सांगते, कारण तीन दिवसांत ते होणार नाही आणि ओढाताण करू नये असंच मला वाटतं. सागरेश्वरचं हरणांचं अभयारण्य, त्याच्या वाटेवरचं देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव, कुंडल आणि किर्लोस्करवाडी, हा एक वेगळा, पूर्ण दिवसाचा आणि गाडी हाताशी असतानाचा बेत आहे. कोल्हापूरही तसंच. वडिलांच्या वयाचा विचार करून या वेळी सांगली, हरिपूर आणि मिरज एवढंच ठेवा. दुपारी बारा ते चार घरात. मार्चअखेरीचं ऊन इथे चांगलंच भाजतं.

आणि सासूबाईंना बरोबर घ्या. हळद घ्यायला तर घ्याच, पण मिरजेलाही. दहा किलोमीटरवर असून त्या गल्लीत त्या कधी गेल्या नसतील, अशी दाट शक्यता आहे. "सून असून मी बाहेरची का" या तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला एका पत्रात देता येणार नाही; ते फक्त फिरण्यापुरतं नाही हे मला दिसतंय. पण ज्या दिवशी तुम्ही त्यांना एखादी जागा दाखवाल आणि त्या तुम्हाला एखादी दाखवतील, त्या दिवशी तुमच्यात पाहुणी कोण आणि घरची कोण हे जरा कमी महत्त्वाचं होईल असं मला मनापासून वाटतं. तिथेही अडलं तर पुन्हा लिहा, त्या विषयावर सविस्तर बोलू.

दुकानात फोन करण्याआधी वडिलांना त्यांची गाण्याची पट्टी, म्हणजे कुठला सूर षड्ज धरून ते गातात ते, विचारून ठेवा. हार्मोनियमची काळी एक की पांढरी दोन की आणखी काही, आणि वयानुसार ती आता खाली आली आहे का, हेही. तारा कोणत्या जाडीच्या चढवायच्या ते त्यावर ठरतं, आणि कारागीर तुम्हाला पहिल्या दोन-तीन प्रश्नांत तेच विचारतील.